यिशुनचे फौजदार

बजेटच्या मीटिंगमध्ये पोलिसांचा विषय काढणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. तो माझा साहेब होता, त्यामुळे सुटका नव्हती.

बँकेत आमचं काम खर्चाचं. कुठल्या विभागाला यंदा किती माणसं हवीत, का हवीत, हे विचारून घ्यायचं आणि शक्यतो नाही म्हणायचं. एखादा विभागप्रमुख फारच हट्टाला पेटला की साहेब खुर्चीत मागे रेलत आणि शांतपणे सांगत, "हे शहर वसलं तेव्हा इथले पोलीस बोटांवर मोजता येतील इतके होते. आणि खर्च कशातून भागायचा? अफू, दारू आणि जुगार यांच्या परवान्यांतून. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच खिशातून पगार. तुमच्या विभागाचं तसं काही जमतंय का बघा." समोरचा गोंधळून आपल्या लॅपटॉपकडे बघायचा. माणसं मिळायची नाहीत ती नाहीतच, वर त्याला घरी गेल्यावर कळायचं की आपल्याला नकार मिळालाय.

त्यांना हाक काय मारायची, हा माझा पहिला प्रश्न होता. ऑफिसात सगळे, अगदी परवा लागलेली पोरंसुद्धा, त्यांना नावाने बोलवत. माझ्या तोंडून ते निघेना. 'सर' म्हटलं तर म्हणाले, "सर नको. गणवेशात भेटलात तर म्हणा." काका म्हणण्याइतके ते म्हातारे नव्हते आणि 'अहो' मी घरी देऊन टाकलेलं. शेवटी कित्येक वर्षं मी त्यांच्याशी हाक न मारताच बोलले.

इथल्या मराठी मंडळात मात्र त्यांना नाव होतं. फौजदार. अर्थात पाठीमागे.

दिसायला ते फौजदार अजिबात नव्हते. बुटके, गोल चेहऱ्याचे, जाड काचांचा चष्मा. मिरजेच्या एखाद्या शाळेत भूगोल शिकवणारे वाटावेत असे. मिरजेचे होतेही. पण इथल्या पोलीस खात्यात स्वयंसेवकांची एक शाखा आहे. दिवसा कुणी बँकेत असतो, कुणी शाळेत, कुणी टॅक्सी चालवतो. आणि महिन्यातले काही तास ही माणसं गणवेश चढवून नेहमीच्या पोलिसांबरोबर गस्त घालतात. पगार नाही, नावाला भत्ता. मात्र अंगावर गणवेश आहे तोवर अधिकार पूर्ण पोलिसाचे. आमचे साहेब त्यातले होते.

याची सुरुवात त्यांच्या मुलापासून झाली. इथे वाढलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला दोन वर्षं सक्तीची सेवा करावी लागते. तो दिवस जवळ आला की आपल्याकडच्या घरांत चर्चा सुरू होते, आधीच भारतात पाठवावं का, अमेरिकेत पाठवावं का. यांच्या घरीही झाली. मुलगा म्हणाला, "ऑल माय फ्रेंड्स आर गोइंग, बाबा. मी कसा पळू, लाह?" वाक्याच्या शेवटी इथलं ते 'लाह' लागलं की विषय संपला. त्याला सैन्याऐवजी पोलिसात घातलं. डोकं भादरलेला पोरगा पहिल्या सुट्टीला यिशुन भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आला आणि जेवणाच्या टेबलावर बसल्याबसल्या झोपला. त्याच्याकडे बघत हे बराच वेळ उभे होते, असं त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला सांगितलं. मग त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला, आणि ते मिळाल्यावर हा दुसरा, पोलिसांतल्या स्वयंसेवकाचा. वयाच्या अटीत जेमतेम बसले. मुलगा सेवा संपवून बाहेर पडत होता तेव्हा बाप आत शिरत होता.

मी एकदा विचारलं होतं, का? म्हणाले, "मुलाला पाठवायचं आणि आपण सोफ्यावर बसून टीव्हीवर परेड बघायची, हे मला बरं दिसेना."

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. "लोक चाळिशीनंतर गिटार शिकतात," त्या म्हणायच्या. "यांनी हे काढलं."

गणवेशाला त्या हात लावायच्या नाहीत. म्हणजे लावू दिला जात नसे. गडद निळा शर्ट आणि पँट हे स्वतः धूत, स्वतः इस्त्री करत. "हे कपडे खात्याचे आहेत, संसाराचे नाहीत," असं त्यांचं त्यावरचं मत. बूट पॉलिश करायला फ्लॅटबाहेरच्या सामायिक गॅलरीत स्टूल टाकून बसत. समोरच्या फ्लॅटमधली चिनी आजीबाई तिच्या स्टुलावर येऊन बसे. हे तिला तिच्या हॉक्किन बोलीत विचारत, "चिया पा बोय?" म्हणजे जेवलात का. पण विचारत ते मिरजेच्या हेलात. ती दर वेळी त्यांचा उच्चार सुधारून द्यायची आणि मगच जेवले म्हणून सांगायची. "सार्वजनिक संबंध," ते म्हणत, आणि दुसरा बूट घेत.

पोलिसांमधल्या कवायतीच्या आज्ञा इथे मलय भाषेत देतात. त्यांना त्या फार आवडत. लिफ्टमध्ये एकटे असले की पुटपुटत. यावरून एक किस्सा मंडळात अजून सांगितला जातो. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. लेझीमची पोरं स्टेजमागे नुसता धुडगूस घालत होती. आमचे कार्यवाह मोठा मनमिळाऊ माणूस. गाणी म्हणायचे, विमानतळावर नव्या माणसांना घ्यायला जायचे, कुणाचं काही अडलं तर पहिला फोन त्यांना. ते हसत यांना म्हणाले, "अहो, तुम्ही पोलीस ना? मग या वानरसेनेला रांगेत उभं करून दाखवा."

हे पुढे झाले, पोट आत घेतलं आणि ओरडले, "सेडियाऽ!"

'सावधान'ला मलयमध्ये 'सेडिया' म्हणतात हे हॉलमधल्या एकाही आईबापाला ठाऊक नव्हतं. पोरांना होतं. इथल्या शाळांत हीच कवायत असते. मोठी मुलं खाडकन टाचा जुळवून ताठ झाली, त्यांचं बघून लहानही. कुणाच्या फेट्याचा शेमला तोंडावर आलेला, पण हात बाजूला. हॉल चिडीचूप. एक मुलगा तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाला, "वाह, अंकल इज रिअली पुलीस, सिया."

त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसले ते कार्यवाह. तेव्हापासून 'फौजदार' हे नाव पक्कं झालं, आणि बहुधा त्यांनीच ते पाडलं.

दुपारी आम्ही ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला जात असू. टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची, आणि भात येईपर्यंत त्यातल्याच एका टिश्यूवर हे पोलीस खात्याची रचना काढणार. वर मुख्यालय. त्याखाली शहराचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचा एक विभाग. त्या विभागाखाली वस्त्यांची केंद्रं. बाजूला समुद्रावरचे पोलीस, ट्रॅफिकवाले, एमआरटी मेट्रोवाले. एका कोपऱ्यात वेगळी चौकट, गुरखे. चौकटींना जोडणाऱ्या रेषा ते इतक्या मायेने काढत की सूप सांडून टिश्यू भिजला तर मला वाईट वाटायचं.

"आता ही चौकट वेगळी का?" मी एकदा विचारण्याची चूक केली.

"तोच तर सगळा इतिहास आहे," ते म्हणाले. "इंग्रजाला चिनी टोळ्यांची मारामारी थांबवायची होती. चिनी पोलीस ठेवला तर तो कुणाचा तरी मामेभाऊ निघणार. म्हणून पंजाबातून शीख आणले. उंच माणसं, दाढ्या, इथली भाषा येत नाही, कुणी नातेवाईक नाही. उत्तम. पुढे नेपाळातून गुरखे. तेही तसेच, वेगळ्या वसाहतीत राहणारे. मग स्वतःचं राज्य आलं आणि उलट ठरलं. पोलीस शेजारी हवा. जपान्यांची कल्पना उचलली आणि इमारतींच्या तळमजल्यावर चौक्या काढल्या. आता त्यातल्या कित्येक चौक्यांत माणूस नाही, मशीन आहे. बटण दाबा, तक्रार द्या."

"मग शेवटी ठरलं काय?"

"एकच प्रश्न आहे, दोनशे वर्षं. पोलीस आपला असावा की परका? आपला असला तर पोटात घालतो. परका असला तर त्याला कळतच नाही."

"मग कसा असावा?"

"ते अजून ठरतंय," ते म्हणाले. जणू समितीत स्वतः बसलेत.

मी सेंगकांगला राहते. त्यांच्या पोलीस केंद्राच्या हद्दीत आमची इमारत यायची. आणि आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे, कार्यवाह राहत. ते आणि त्यांची बायको, दोघंच. ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. लग्नानंतर इथे आली ती नवऱ्याच्या नोकरीच्या पासावर, म्हणजे त्याच्या राहण्याच्या परवान्यावर अवलंबित म्हणून. माझ्याकडे कधी कोथिंबीर मागायला यायची, कधी उगाच. कमी बोलायची. त्या घरातून अधूनमधून आवाज यायचे. भांडण कुणाच्या घरात होत नाही, असं आम्ही मजल्यावरचे सगळे म्हणत असू.

एका रविवारी, दिवेलागणीच्या सुमाराला, आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. काहीतरी फुटलं. मग तिची एक किंकाळी, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही जास्त वाईट होतं. मी दार उघडून गॅलरीत आले. कार्यवाहांच्या शेजारचं चिनी कुटुंब आधीच बाहेर उभं होतं, आणि त्यातल्या बाईच्या कानाला फोन होता.

थोड्या वेळाने लिफ्ट उघडली. पुढे एक मलय मुलगी, डोक्यावर तुडुंग, म्हणजे हिजाबचा रुमाल, बांधलेला, खांद्यावर सार्जंटच्या पट्ट्या, वय फार तर यांच्या मुलाएवढं. आणि तिच्या मागे हे.

"तुम्ही?" मी म्हणाले.

"मॅम, प्लीज स्टे इनसाइड युअर युनिट," ते म्हणाले. आदल्याच आठवड्यात माझ्याकडे थालीपीठ मागून मागून खाल्लेला माणूस. मी दारात मागे सरकले, पण दार लावलं नाही. तिथून कार्यवाहांचं दार समोर दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

सार्जंटने बेल वाजवली. कार्यवाहांनी जाळीचं दार उघडलं. आधी चेहरा ताणलेला, मग यांना पाहून एकदम सैल झाला.

"अरे, तुम्ही होय! मला वाटलं खरेच पोलीस आले. या, या. चहा टाकतो."

हे सार्जंटकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "सार्जंट, ही दोघं माझ्या ओळखीची आहेत. आमचं एकच मंडळ आहे. हे आधी सांगतो. दुसऱ्या कुणाला बोलवावं."

ती रेडिओवर बोलली. मग म्हणाली, "येतायत. तोपर्यंत भाषेपुरते थांबा."

"येस, सार्जंट," हे म्हणाले. आणि लगेच भाषांतराला लागले. "पहिलं वाक्य असं होतं. त्याला वाटलं खरे पोलीस आलेत. तो आपल्याला चहा विचारतोय."

कार्यवाह हसले. "अहो, हे काय! बाथरूममध्ये घसरली ती. एवढंच. आपण आपल्यात मिटवू ना."

"तो म्हणतो ती बाथरूममध्ये घसरली. तो म्हणतो आपण आपल्यात मिटवू."

"मी तुमच्याशी बोलतोय."

"तो म्हणतो तो माझ्याशी बोलतोय."

आवाज अगदी सपाट. बजेटचे आकडे वाचतानाही ते असेच बोलत.

तेवढ्यात ती बाहेरच्या खोलीत आली. ओढणीचं टोक तोंडाला दाबून धरलेलं. सार्जंटने तिला इंग्रजीत विचारलं, काय झालं. तिने खाली बघून इंग्रजीतच सांगितलं, आय फेल. इट्स ओके. पण तिचा आवाज ओढणीत अडकत होता. कार्यवाह तिच्याकडे न बघता, हसरा चेहरा तसाच ठेवून, मराठीत हळूच म्हणाले, "नीट सांग, पाय घसरला म्हणून. नाहीतर उद्या बॅग भरायची. तुझा पास माझ्या पासावर आहे, विसरू नकोस."

ज्याला मराठी येत नाही त्याला वाटावं, नवरा बायकोला धीर देतोय.

यांनी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. बॅग, पास, विसरू नकोस, सगळं.

सार्जंटची मान वर झाली. कार्यवाहांचं हसू गेलं. "तुम्हाला कुणी सांगितलंय भाषांतर करायला?" ते ओरडले. तेही भाषांतरित झालं. "लाज नाही वाटत? मी तुम्हाला आपलं माणूस समजत होतो!"

इथे हे पहिल्यांदा अडले. 'आपलं माणूस' याला त्यांना शब्द सापडेना. चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, "ही थॉट आय वॉज हिज ओन."

तिने तोवर एकदाही यांच्याकडे बघितलं नव्हतं. आताही नाही. तिने ओढणी खाली घेतली. ओठ फाटला होता. सार्जंटकडे बघून तिने मराठीत, अगदी कळेल न कळेल असं, म्हटलं, "मी पडले नाही."

"शी सेज शी डिड नॉट फॉल," हे म्हणाले.

दुसरे पोलीस आले तेव्हा हे बाजूला झाले आणि लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे करून. तिला दवाखान्यात नेलं. जबाब झाले, माझाही झाला. मी जे ऐकलं ते सांगितलं. त्याचा किती उपयोग झाला ठाऊक नाही, कारण मुख्य वाक्य मला ऐकू आलं होतं तसंच सार्जंटलाही पोहोचलं होतं.

सोमवारी ऑफिसात मी त्यांच्या टेबलाशी गेले. "कालचं..." असं सुरू केलं.

"काल रविवार होता," ते म्हणाले आणि मला तिमाहीचे आकडे मागितले.

मंडळात बातमी पसरायला वेळ लागला नाही, पण ती निराळ्याच रूपात पसरली. कार्यवाहांच्या घरी पोलीस आले, हे मागे पडलं. फौजदारांनी आपल्याच माणसाला अडकवलं, हे पुढे आलं. त्यांच्या खांद्यावरच्या पट्टीसाठी, बढतीसाठी केलं, इथपर्यंत गेलं. आठवड्याभराने मंडळातले काही जण त्यांच्याकडे जायला निघाले आणि त्यांनी मलाही बरोबर घेतलं. मी ऑफिसातली, माझं ऐकतील, असा हिशेब असावा. मी गेले, पण कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

वहिनींनी पोहे केले होते. कुणी धड खाल्ले नाहीत.

अध्यक्ष वयस्कर, समजूतदार गृहस्थ. ते म्हणाले, "हे बघा, तुम्ही फक्त इतकंच कळवा की भाषांतरात थोडा गोंधळ झाला. माणूस रागात बोलतो. मराठीत त्याचा अर्थ तसा होत नाही."

"मराठीत त्याचा अर्थ काय होतो?" यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच ऐकायचं होतं.



खजिनदार जरा तापट होते. "त्याची नोकरी गेली तर त्याचा पास जाणार. त्याचा पास गेला की तिचाही जाणार. तुम्ही तिचंच वाटोळं केलंत, कळतंय का?"

"तसं होऊ शकतं," हे म्हणाले. "तो माझा विभाग नाही."

"मग माणुसकी कुठल्या विभागात येते?"

यांनी बशीतले पोहे चमच्याने सारखे केले.  आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी नजर फिरवली.

अध्यक्षांनी शेवटचा प्रयत्न केला. "आपण असं धरू की त्या दिवशी तुमची ड्युटी नव्हती. मग?"

"मग दुसरं कुणी आलं असतं. त्याला मराठी आलं नसतं," हे म्हणाले. "मग ती बाथरूममध्ये पडली असती."

त्यानंतर सगळे उठले. 

मंडळाने त्यांना काढलं वगैरे नाही. फक्त निरोप यायचे थांबले. त्यांना त्याचं फारसं काही वाटल्याचं दिसलं नाही. त्यांच्याकडे गस्त होती, टिश्यू होते. फटका बसला तो वहिनींना. गणपतीच्या आदल्या दिवशी दर वर्षी त्यांच्याकडे मोदकांना बायका जमायच्या. त्या वर्षी कुणी विचारलंच नाही. मी गेले तर त्या एकट्याच उकड मळत होत्या. हे गॅलरीत बूट घासत होते. वहिनी माझ्याकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यांचं बरं आहे. ड्युटी संपली की गणवेश काढून हँगरला लावतात. माझ्या अंगावर चढवलेला मी कसा काढू?"

बाहेर ब्रशचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मला वाटतं, त्या दोघांत त्या विषयावर झालेलं हे एवढंच बोलणं.

शेजारीण, म्हणजे कार्यवाहांची बायको, काही आठवडे बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेत होती. कोर्टातून तिला संरक्षणाचा आदेश मिळाला. कार्यवाह पुढे नोकरी सोडून दुबईला गेले. तिथेही एक मंडळ आहे आणि तिथे ते गातात, असं ऐकते. मंडळाला वाटलं होतं तसं ती परत गेली नाही. तिने आपलं जुनं काम शोधलं, बऱ्याच ठिकाणी नकार घेतले आणि अखेर एका छोट्या कंपनीत लागली, स्वतःच्या नावाच्या पासावर. सेरंगूनला एक खोली घेतली.

वहिनी दर गुरुवारी तिच्याकडे डबा घेऊन जात. कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मला म्हणाल्या, "यांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. गुरुवारी भाजी जास्त का होते, हे न कळण्याइतके ते कच्चे नव्हते.

मात्र यांना ती टाळायची. एकदा सेरंगूनच्या मॉलमध्ये फूड कोर्टात मी आणि हे बसलो होतो, ऑफिसच्या कामाने त्या बाजूला गेलो होतो म्हणून. ती ट्रे घेऊन येताना दिसली. माझ्याकडे बघून हसणार तेवढ्यात तिला हे दिसले. तशीच वळली आणि लांबच्या टेबलावर पाठ करून बसली. मला राग आला. मी म्हटलं, "तुमच्यामुळे ती उभी राहिली. निदान ओळख तरी दाखवायची."

"कशाला?" ते म्हणाले. "मला पाहिलं की तिला तो दिवस दिसतो. मी तिच्या जागी असतो तर मीही दुसरं टेबल बघितलं असतं." आणि मग, नूडल्स काट्याला गुंडाळत, "आणि आभार मानायचे तर सार्जंटचे. मी तर फक्त मराठी बोललो."

"इंग्रजी," मी म्हणाले.

"हो, इंग्रजी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते थोडे थकलेले वाटले.

पुढे त्यांची वयोमर्यादा आली. गणवेश, बूट, टोपी, सगळं मोजून परत करावं लागतं; ते त्यांनी केलं. बँकही त्याच सुमाराला सोडली. छोटासा समारंभ झाला म्हणे, त्या सार्जंट मुलीने, जी तोवर इन्स्पेक्टर झाली होती, यांना सलाम केला. मी तिथे नव्हते. वहिनी होत्या. "बरं झालं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग पदराने चष्मा बराच वेळ पुसत बसल्या.

आठवड्याभरात माझ्या फोनवर सेरंगूनहून शेजारणीचा फोन. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग म्हणाली, "भाऊजी आता पोलीस नाहीत ना?"

"नाहीत."

"नक्की?"

"गणवेश परत केला त्यांनी."

"मग रविवारी दोघांना घेऊन ये ना," ती म्हणाली. "जेवायला. मी त्यांना कधी बोलवलंच नाही."

आम्ही गेलो. मी, वहिनी आणि हे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. तिच्या मजल्यावर पोहोचलो. बेल यांनीच वाजवली आणि वाजवून एकदम भिंतीला पाठ लावून दाराच्या बाजूला उभे राहिले. पोलिसांना तसं शिकवतात, दारासमोर कधी उभं राहायचं नाही, आतून काय येईल सांगता येत नाही. आता इतक्या वर्षांनी ते अंगात भिनलेलं.

तिने दार उघडलं. हात पिठाचे. समोर मी आणि वहिनी. तिचा चेहरा पडला. "भाऊजी नाही आले?"

"आलेत," वहिनी म्हणाल्या. "ते बघ, भिंतीला पालीसारखे चिकटलेत."

तिने उंबऱ्यातून डोकं बाहेर काढून बघितलं. चपलांच्या रॅकशेजारी, छातीशी पिशवी धरून ते ताठ उभे होते. स्वतःलाच आत्ता कळल्यासारखे ओशाळले. तिने पिठाचे हात ओढणीला पुसले. मग म्हणाली, "समोर या भाऊजी. या घरात कुणी कुणाला मारत नाही."

वहिनी हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

ते समोर आले, पिशवी तिच्या हातात दिली आणि वाकून चपला काढू लागले.